अर्धा चमचा पुरण

एकशे एकवीस किलो. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. गेल्या सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, ठाण्याच्या एका हॉस्पिटलात माझ्या पोटातल्या अन्नाच्या पिशवीचा मोठा भाग कापून टाकला आणि उरलेली केळ्याएवढी पिशवी मला ठेवली. आज मी चौऱ्याऐंशी किलो आहे. डोंबिवली वेस्टला, कोपर स्टेशनच्या रस्त्यावर, पुरणपोळीवाल्या प्रीतीताई घाग म्हणून कुणालाही विचारा, घर दाखवतील. फक्त हल्ली दार मी उघडलं तरी गिऱ्हाइकं मलाच विचारतात, "प्रीतीताई आहेत का?" मी म्हणते, "आहेत की, उरल्यात तेवढ्या."

पूर्वी शेअर रिक्षाच्या लाइनीत माझा नंबर आला की आधीच आत बसलेले दोघं एकमेकांकडे बघायचे. एका रिक्षावाल्याने तर तोंडावर सांगितलेलं, "ताई, दोन सीट धरा." मीही दोन सीटचे पैसे त्याच्या हातावर आपटलेले आणि वर चार शब्द सुनावलेले. पण घरी आल्यावर रडलेले, ते त्याला काय माहीत? परवा त्याच स्टँडवर मी दोघांच्या मधे बसले. मधे! आणि तरी पर्स मांडीवर ठेवायला जागा होती.

लोक मात्र लोकच. जाड होते तेव्हा म्हणायचे, जरा कमी खा. आता म्हणतात, अगं, तोंड किती उतरलंय, शुगर झाली का, घरात काही टेन्शन आहे का? आमच्या सोसायटीतल्या जोशीकाकूंनी तर हळूच सहदेवला बाजूला घेऊन विचारलं, "रिपोर्ट काय आले?" सहदेव म्हणजे आमचे हे. एमआयडीसीतल्या कंपनीत आहे, आणि कंपनीतून आला की स्कूटरवरून माझ्या ऑर्डरी पोचवतो. भोळा माणूस. त्याने खरंच माझे सगळे रिपोर्ट काकूंना वाचून दाखवले.

माझं जेवण म्हणजे आता एक कार्यक्रमच आहे. एक छोटी वाटी, एक बाळाचा चमचा. आधी पनीर नाहीतर अंडं नाहीतर डाळ, मग पोटात जागा उरली तर दोन घास भाजी. घास पार पातळ होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. बोलत बोलत खायचं नाही. ही सगळ्यात मोठी शिक्षा. पहिल्या महिन्यात एकदा विसरून इडलीचा पूर्वीच्या मापाचा घास घेतला. तो छातीत असा अडकला की मी ओट्याला धरून उभी, डोळ्यांतून पाणी, आणि सहदेव माझ्या पाठीवर थापट्या मारतोय, जसं काही मला ठसका लागलाय. तेव्हापासून मी दर अडीच तासांनी आतल्या खोलीत जाते, दार लावते, मोबाइल बाहेर ठेवते आणि वीस मिनिटं निमूट जेवते. दार उघडेपर्यंत मला कुणी हाक मारायची नाही, असा घरात नियमच आहे.

केस गळले, ते परत येतायत. दंडाची कातडी लोंबते, लोंबू दे. ब्लाउज तीनदा आत घेऊन झाले, आता नवेच शिवायला टाकलेत. जिना चढून आले तरी मी वाक्य पूर्ण बोलू शकते, ही गोष्ट ज्यांना सवयीची आहे त्यांना तिची किंमत कळायची नाही. सांगायचं काय, तर मी खूश होते. भलतीच खूश होते.

धंदा जानेवारीत पुन्हा सुरू केला. बावीस वर्षं मी पुरणपोळ्या करतेय, आणि बावीस वर्षांत गूळ कधी मोजून घातला नाही. गुळाची ढेप बदलली की गोडी बदलते. एक ढेप नुसती गोड, एक खारट, एक काळपट आणि कडक. किलोला किलो घालून चालत नाही. शिजलेल्या डाळीत गूळ घालायचा, तो विरघळला की अर्धा चमचा पुरण जिभेवर ठेवायचं. बास. जीभ सांगते, अजून एक मूठ, किंवा सांगते, थांब. हे आमच्या सासूबाईंनी मला शिकवलं, आणि पातेल्यात दुसऱ्या कुणी चमचा घालायचा नाही हेही त्यांनीच शिकवलं. माझ्याकडे अकरा वर्षं अमृता आहे. विठ्ठलवाडीहून येते, पस्तिशीची आहे, हात विजेसारखा चालतो. पुरण घोटणं, यंत्रातून काढणं, पोळ्या लाटणं सगळं तिचं. चव बघणं माझं.

तर जानेवारीतलं पहिलं पुरण. नेहमीच्या अंदाजाने गूळ घातला, अर्धा चमचा जिभेवर ठेवला, आणि अगं बाई! इतकं गोड की घसा धरला. मी म्हटलं, इतकी वर्षं हे असलं खायला घालत होतो लोकांना? हॉस्पिटलातल्या डाएटिशियन, शिवानी मॅडम, म्हणालेल्या की सर्जरीनंतर काहींना गोड जास्तच गोड लागतं. त्यावर मी त्यांना म्हटलेलं, "मॅडम, माझ्या जिभेला नका शिकवू." मला वाटलं, माझी जीभ आता कुठे साफ झालीय. पूर्वी दिवसभर काही ना काही तोंडात असायचं, तेव्हा तिला काय डोंबल कळत होतं!

मी गूळ कमी केला. चांगला पाऊण भागावर आणला. अमृताने एकदा माझ्याकडे बघितलं.

"ताई, एवढाच?"

"एवढाच. लोकांना आता कमी गोडच हवं असतं."

तिने पळी हातात घेतली. मी म्हटलं, "आटव आता," आणि आत जेवायला गेले. चव एकदाच बघायची, गोडाचा दुसरा चमचा घेतला तर मला मळमळतं. त्यामुळे तयार पोळी मी चाखत नव्हतेच.

आणि पोळ्या गेल्या की हो! संक्रांतीच्या गूळपोळ्या गेल्या, हळदीकुंकवाच्या ऑर्डरी गेल्या. फोनवर फोन. "प्रीतीताई, तुम्ही बारीक झालात पण चव तीच हां!" मी खुशीत. मनात म्हणायची, तीच कुठली, अहो, पहिल्यापेक्षा चांगली. सहदेवला तर मी रोज ऐकवायची की बघ, गूळ कमी घातला तरी लोकांना कळतसुद्धा नाही, सगळा हाताचा गुण. होळीला सातशे पोळ्यांचं बुकिंग झालं. एवढं कधीच झालं नव्हतं.

होळीच्या नऊ दिवस आधी, रविवारी, कल्याणला पारनाक्याजवळ एक ऑर्डर होती. बाबुराव म्हणून आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांची पंच्याहत्तरी. एकशे वीस पोळ्या. अमृताच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून तिने शनिवार-रविवार सुट्टी घेतलेली. मी आणि मदतीला येणारी आमच्यातलीच धाकूमावशी, दोघींनी मिळून काम उरकलं. पुरण मी केलं, मीच घोटलं, मीच चाखलं. सहदेव पोचवून आला.

दुपारी दीड वाजता बाबुरावांच्या सुनेचा फोन. "ताई, राग मानू नका, पण यावेळी गूळ घालायचा राहिला का? पाहुण्यांना पोळीवर साखर वाढावी लागली."

साखर! माझ्या पोळीवर साखर! तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुमच्या पाहुण्यांनी आधी जिलेबी खाल्ली असेल, त्यावर पोळी गोड लागेल कशी?" ती म्हणाली, जिलेबी नव्हतीच. मी फोन ठेवला, सहदेवला म्हटलं, "स्कूटर काढ," आणि तडक कल्याण गाठलं.

हॉलवर पंगत उठत आलेली. मी सरळ आत गेले, परातीतली पोळी उचलली, सगळ्यांसमोर तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. गोड होती. चांगली गोड होती.

"घ्या!" मी म्हटलं. "हे अगोड? माझा तर घसा धरलाय गोडाने! एवढ्या सगळ्यांच्या जिभा एकदम गेल्या की काय?"

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. कुणी भांडलं नाही. आजारी माणसाकडे बघतात तसं सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबुराव खुर्चीत बसलेले, गळ्यात हार. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आमच्या सुनेने उगाच फोन केला. आजच्या दिवशी करायला नको होता," ते म्हणाले. "पण पोरी, आठ वर्षं मी तुझ्या पोळ्या खातोय. आज डाळीची पोळी खाल्ली."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. पंच्याहत्तरीचा माणूस, तो कशाला खोटं बोलेल?

घरी आल्यावर मी एक पोळी सहदेवच्या ताटात टाकली. म्हटलं, खा आणि खरं सांग. त्याने खाल्ली. बराच वेळ चावत बसला. ऑपरेशन माझं झालंय का याचं, मला कळेना.

"बरी आहे," तो म्हणाला.

"सहदेव."

"अगं, गोड कमी आहे थोडी. थोडी म्हणजे... बरीच. पण गेले दोन महिने तर मस्त होत्या. आजच काय झालं?"

"आज काय वेगळं होतं?"

"काही नाही. आज अमृता नव्हती, एवढंच," तो म्हणाला आणि उरलेली पोळी दुधात कुस्करायला लागला. माणसाला आपण काय बोलून गेलो हेही कळलं नाही.

सोमवारी अमृता आली. मी काहीच दाखवलं नाही. नेहमीसारखी डाळ शिजली, मी गूळ घातला, अर्धा चमचा चाखला, "आटव आता" म्हटलं आणि आत गेले. दार लावलं. वाटी हातात घेतली नाही. पाच मिनिटं उभी राहिले आणि दार उघडून बाहेर आले.

अमृताच्या मुठीत चिरलेला गूळ होता. एक मूठ पातेल्यात गेलेली, दुसरी जाण्याच्या बेतात.

"काय चाललंय हे?"

तिने मूठ मागे घेतली नाही. "ताई, गूळ कमी आहे."

"मी चव बघितलीय."

"हो ताई. पण कमी आहे."

"किती दिवस चाललंय?"

"संक्रांतीपासून."

संक्रांतीपासून! म्हणजे "तुम्ही बारीक झालात पण चव तीच" म्हणून लोक ज्याचं कौतुक करत होते, ते हिच्या मुठीतलं होतं. मी आत बसून घास चावत होते आणि माझं नाव बाहेर ही राखत होती. मला तिचे पाय धरायला हवे होते. पण माणूस घाबरला की असं कुठे सुचतं? मी ओरडले. माझ्या पातेल्यात हात घालायचा अधिकार तुला कुणी दिला, मला मूर्ख समजलीस का, माझ्या पाठीमागे, माझ्याच घरात. धाकूमावशी लाटणं हातात धरून तशीच बसून राहिली. शेवटी मी म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस."

अमृताने हात धुतले, पुसले, खुंटीवरची पिशवी घेतली. दारात म्हणाली, "ताई, त्या पातेल्यात अजून एक मूठ लागेल." आणि गेली.

होळी मंगळवारची होती, आठ दिवसांवर. सातशे पोळ्या, आणि माझ्या तोंडात जी जीभ होती ती माझी नव्हती.

सहदेव म्हणाला, काट्यावर मोजून घाल. मी त्याला ढेपीचं सगळं पुराण पुन्हा ऐकवलं. मग मी त्यालाच चव बघायला बसवलं. तीन वेगवेगळी पुरणं केली. तिन्हींना "छान आहे" म्हणाला. पंचवीस वर्षांत या माणसाने माझ्या स्वयंपाकाला आपणहून कधी नाव ठेवलेलं नाही. मला वाटायचं प्रेम आहे. आता कळलं, निम्मी भीती आहे. धाकूमावशीला विचारावं तर तिला चार वर्षांची शुगर, तिने गोडाला हात लावायचा नाही. जोशीकाकूंना विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या कोपरला कळलं असतं.

गुरुवारी ठाण्याला तपासणीची तारीख होती. शिवानी मॅडम वजन बघून खूश, रक्ताचे रिपोर्ट बघून खूश. मी मात्र गप्प. मी गप्प म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, जीभ परत कधी येते?"

"येते कधीकधी. काहींची सहा महिन्यांत, काहींची वर्षाने. काहींची नाहीच येत, पण त्यांना सवय होते." मग त्या म्हणाल्या, "सर्जरी केली याचा पश्चात्ताप होतोय का?"

"छे हो!" माझ्या तोंडून पटकन निघालं, आणि ते खरं होतं. वर्षापूर्वी मी झोपेत श्वास अडकून दचकून उठायची. गुडघे असे की संडासातून उठायला नळाला धरायला लागायचं. शुगर तीनशेच्या वर. आज पुन्हा टेबलावर झोपवलं तरी मी हेच करीन. "पण मॅडम, मला दुसरं काही येत नाही. दहावी नापास आहे मी. ही एवढीच जीभ होती." आणि तिथे, त्या वजनकाट्याच्या शेजारी, मला रडू फुटलं. एकशे एकवीस किलो होते तेव्हाही मी त्या खोलीत रडले नव्हते.

त्यांनी पाणी दिलं. मी घोट घोट प्यायले. "चव दुसऱ्या कुणाला बघू द्या ना," त्या म्हणाल्या. सोप्पं! जसं काही दुसऱ्याचा चष्मा लावायचा. पण दुसरं कोण, ते मला माहीत होतं, आणि तिला मी हाकलून दिलेलं.

ठाण्याहून मी घरी न जाता सरळ विठ्ठलवाडीला उतरले. अकरा वर्षांत अमृताच्या घरी मी कधी गेले नव्हते. तिच्या मुलीच्या बारशाला सहदेवकडून साडी पाठवलेली, तेवढंच. पत्ता विचारत विचारत चाळ सापडली. स्वच्छ दोन खोल्या, भिंतीवर बुद्धांची मोठी तसबीर, कॉटवर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेली सासू. अमृता भाकऱ्या थापत होती. मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली. पुन्हा भाकरी थापायला बसली.

मी सगळा रस्ता भाषण पाठ करत आलेले. ते सगळं विसरले.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "जीभ गेलीय माझी. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलेलं ताई. पहिल्या दिवशी. तुम्ही म्हणालात, लोकांना कमी गोड हवंय."

"मग पुन्हा सांगायचं. भांडायचं माझ्याशी."

"तुमच्याशी?" ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "तुम्ही चार महिन्यांनी ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या. गाणं म्हणत होतात. तेव्हा कसं सांगायचं, तुमचं काम तुम्हाला जमत नाहीये म्हणून? म्हटलं, येईल जीभ परत, तोवर मी भरून काढते."

मग मला सुचलं ते मी विचारलं. विचारायला नको होतं असं नाही, पण फार आधी विचारायला हवं होतं.

"पण तुला कसं कळायचं, नेमका किती गूळ ते? तू तर कधी चव बघितलीच नाहीस."

अमृताने तव्यावरची भाकरी उलटली.

"तुम्ही कधी दिली नाहीत," ती म्हणाली. "पातेलं घासायला माझ्याकडे यायचं ना? मोरीत बसल्यावर कडेचं बोटाने काढून खायची मी. अकरा वर्षं. त्यावरून कळायचं."

आवाज चढवला नाही तिने. तक्रारसुद्धा वाटली नाही. पाऊस आला म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

मी म्हणाले, "तुटलेल्या पोळ्या तर देत होते मी तुला. रोज."

"हो. घरी न्यायला."

"पातेल्यात कुणीच चमचा घालायचा नाही, असं सासूबाईंचं होतं. स्वच्छता म्हणून."

"स्वच्छता म्हणायचात तुम्ही," अमृता म्हणाली.

मी जातबीत बघत नाही, असं मी चारचौघांत मोठ्या तोंडाने सांगायची. माझ्याकडे अमृता कामाला आहे, हे त्याचं उदाहरण म्हणून द्यायची. तिच्या हाताने लाटलेली पोळी सगळ्या डोंबिवलीला चालत होती, आणि तिच्या तोंडात गेलेला चमचा माझ्या पातेल्याला चालत नव्हता. धाकूमावशीला शुगर निघायच्या आधी मी दहादा म्हटलेलं, मावशी, बघ गं जरा. अमृताला एकदाही नाही. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झालीत. त्यांच्यावर किती ढकलणार?

लाज वाटली. इतकी की मला खुर्चीत बसवेना. बारीक होऊन काय उपयोग, असलं वजन तसंच होतं.

"अमृता," मी म्हटलं, "ये. चव तूच बघ. चोरून नाही, माझ्यासमोर. तू हो म्हणालीस तरच पोळी बाहेर जाईल."

तिने लगेच होकार दिला नाही, आणि का द्यावा? भाकरी फुगली, तिने ती काढून टोपलीत ठेवली. सासू कॉटवरून म्हणाली, "जा गं, बाई घरापर्यंत आल्यात." त्यावर अमृता म्हणाली, "आल्यात ते सातशे पोळ्यांसाठी आल्यात, आई."

"सातशे पोळ्यांसाठीच आलेले," मी म्हटलं. "आता निव्वळ त्यासाठी थांबलेले नाही."

"होळीपर्यंत येते," ती म्हणाली. "पुढचं पुढे बघू."

होळीच्या दिवशी पहाटे चारला आम्ही सुरुवात केली. गूळ मी जिभेला न विचारता, जुन्या अंदाजाने घातला. सातला पहिलं पुरण यंत्रातून निघालं, पहिली पोळी तव्यावरून उतरली. तोवर दारात पाचसहा गिऱ्हाइकं आलेली, जोशीकाकू सगळ्यांत पुढे डबा घेऊन. मी सहदेवची खुर्ची ओट्यापाशी ओढली, अमृताला म्हटलं, "बस." तिने एप्रनला हात पुसले आणि बसली. मी ताटलीत पोळी घेतली, वर तुपाची धार सोडली आणि ताटली तिच्या हातात दिली.

"अगं प्रीती," जोशीकाकू म्हणाल्या, "होळीच्या नैवेद्याच्या पोळ्या ना या? आणि आधी हिला?"

अमृताचा हात ताटलीवरच थांबला.

"काकू, बावीस वर्षं आधी मीच चाखत आले," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत होतं. तेव्हा नैवेद्य आठवला नाही तुम्हाला. आता नको असेल तर डबा परत घेऊन जा. सातशेच्या सहाशे नव्वद झाल्या तरी मला चालतील."

काकूंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. गेल्या मात्र नाहीत.

अमृताने तुकडा मोडला. तोंडात टाकला. खाली बघत, सावकाश चावला. बावीस वर्षांत माझ्या पोळीचं काय होणार हे मला माहीत नव्हतं, असं पहिल्यांदाच घडत होतं. तिने दुसरा तुकडा मोडला, तोही तितकाच सावकाश खाल्ला. मग मान वर केली आणि दारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"गूळ बरोबर आहे, ताई. जायफळ जास्त झालंय."

सहदेवने माझ्याकडे बघितलं. माझ्या पुरणाला माझ्याच घरात, माझ्याच गिऱ्हाइकांसमोर, माझ्या कामवालीने नाव ठेवलेलं. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि अर्धा चमचा पुरण स्वतः चाखलं. जायफळाचा मला काही पत्ता लागला नाही.

"किती जास्त?" मी विचारलं.

"थोडंच. पण जास्त आहे."

"बरं," मी म्हटलं आणि पुढच्या पुरणासाठी जायफळ व किसणी दोन्ही तिच्यासमोर ठेवली.